पानाचा डबा आणि चौथीचा वर्ग

उज्ज्वला,

तू गेल्याचं चौथीच्या मुलांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्हीच सांगा, मला जमायचं नाही." वर्गात गेले तेव्हा मुलं बाक भिंतीला लावून गोल करून बसली होती, तू बसवायचीस तशी. मी मनात जुळवून नेलेली दोन वाक्यं बोलले. कुणी रडलं नाही. मग मागून एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः पाहिलं का?"

दुसऱ्या वर्गात हा प्रश्न मला लागला असता. तुझ्या वर्गात नाही लागला. कुणी काही सांगितलं, की ते त्यानं पाहिलंय, ऐकलंय, की नुसतं मानलंय, हे आधी विचारायचं, ही सवय तूच त्यांना लावून ठेवलीस. मी म्हटलं, "हो. मी तिथं होते." एवढं ऐकल्यावर त्यांनी ते खरं धरलं आणि मग एकेक जण रडायला लागला. माझाही बांध तिथंच फुटला.

तुझ्याशी रोज बोलायची सवय एवढ्यात सुटणार नाही. रहाटणीहून निघालं की शाळेच्या फाटकापर्यंत तू स्कूटर चालवायचीस आणि मी मागे बसून बोलायचे. हेल्मेटमधून नीट ऐकू यायचं नाही, म्हणून आपण दोघी ओरडून बोलायचो. मोशीच्या सिग्नलला शेजारचे लोक वळून बघायचे. त्यांना वाटत असणार, या दोन बायकांचं कडाक्याचं भांडण चाललंय. बहुतेक वेळा ते खरंच असायचं. शाळेत भांडायला वेळ मिळायचा नाही, आणि चाकणच्या रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत अडकलं की वेळच वेळ.

मी बदलून आले तेव्हा तू त्या शाळेत रुळलेली होतीस. मला तिसरी मिळाली, तुझी चौथी शेजारीच. मध्ये लाकडी पार्टिशन आणि कधीच नीट न लागणारं दार. पहिल्याच आठवड्यात तुझ्या वर्गातून एवढा गलका आला, की मुलं मारामारी करतायत असं समजून मी दार ढकललं. मुलं चार घमेल्यांभोवती उकिडवी बसली होती, हातात चमचे आणि रंगकामाचे जुने ब्रश. घमेल्यांत तू मातीचे थर भरले होतेस. तळाशी काळी माती आणि खापराचे तुकडे, त्यावर मुरूम आणि फुटक्या बांगड्या, मग राखाडी माती आणि पेनाची टोपणं, सगळ्यांत वर वेफर्सची रिकामी पाकिटं. मुलं एकेक थर हलक्या हातानं उकरून वर्तमानपत्रावर मांडत होती.

"बाई, बांगडी पाकिटापेक्षा जुनी आहे," एक मुलगा म्हणाला.

"कशावरून?"

"ती खाली होती."

"आणि कुणी खड्डा करून मुद्दाम खाली पुरली असेल तर?"

मुलगा विचारात पडला. दारात उभी राहून मीही पडले.

संध्याकाळी परतताना मी तुला विचारलं, "यावर परीक्षेत किती मार्कांचा प्रश्न येतो?" तू म्हणालीस, "एकही नाही," आणि हसून स्कूटर दामटलीस.

तुझी कामं आठवतायत. कुठल्याशा कंपनीच्या भंगारातून आणलेली ती निळी पॅकिंगची पट्टी. ती तू वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बांधलीस, तिच्यावर वर्षं लिहिलीस आणि मुलांना सांगितलंस, तुमच्या घरात जे घडलं ते चिठ्ठीवर लिहा आणि ज्या वर्षी घडलं तिथं चिमट्यानं अडकवा. मुलं घरी जाऊन विचारून आली. जवळजवळ प्रत्येकाच्या चिठ्ठीवर एक वाक्य होतंच: आम्ही चाकणला आलो. कुणी परभणीहून, कुणी धाराशिवहून, कुणी रत्नागिरीकडून, कुणी पार उत्तरेतून. सुट्टीत तू मला ती पट्टी दाखवायला नेलंस. "बघ, या गावाचा एवढा इतिहास कुणी लिहिलाय का?" मी म्हटलं, "चिठ्ठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या किती चुका आहेत ते बघ." तू रागावली नाहीस. दुसऱ्या दिवसापासून त्याच चिठ्ठ्या मुलांना मोठ्यानं वाचायला आणि सुधारायला लावल्यास, आणि त्यासाठी मलाच वर्गावर बोलावलंस. माझ्या टोचून बोलण्यातून कामाचं तेवढं उचलून घ्यायची तुझी हातोटी होती. मी ती कधी शिकले नाही.

पण आज मला बोलायचंय ते वैष्णवीबद्दल. आपलं सगळ्यांत लांबलेलं भांडण तिच्यावरून झालं.

त्या वर्षी तू वर्गात संग्रहालय मांडायचं ठरवलंस. प्रत्येकानं घरातली एक जुनी वस्तू आणायची, ती कुणाची, कधीची, कशासाठी वापरत, हे घरच्यांना विचारायचं आणि वर्गाला सांगायचं. ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे. वैष्णवी तेव्हा नऊ वर्षांची. परभणीकडचं कुटुंब, वडील कंपनीत कंत्राटी कामावर, गावातल्या कौसाबाईंच्या चाळीत एक खोली भाड्यानं घेतलेली. ती तुझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, आमच्या घरात जुनं काहीच नाही."

तू म्हणालीस, "शोध, सापडेल."

या दोन शब्दांचा तुला नंतर फार त्रास झाला. "त्या एका खोलीत शोधायला जागा तरी कुठं होती? मी विचार न करता बोलून गेले," असं तू मला कितीदा म्हणाली असशील.

संग्रहालयाच्या दिवशी वैष्णवीनं आणला एक पितळी पानाचा डबा. चांगला जड, झाकणावर वेलबुट्टी, आत चुन्याची, काताची, सुपारीची वेगवेगळी घरं. मधल्या दारातून मीही ऐकायला उभी होते. ती म्हणाली, हा तिच्या आजीच्या सासूचा. शेताची मोजणी करायला साहेब लोक आले तेव्हा दुपारची वेळ होती, ऊन तापलं होतं. सासूनं त्यांना बांधावर बसवलं, पाणी दिलं आणि या डब्यातलं पान करून दिलं. मोजणी कशासाठी आहे, हे तिला माहीत नव्हतं. नंतर त्या जमिनीवर कंपनी आली. सासू पुढं कितीतरी दिवस म्हणायची, पान खाताना त्यांच्यातल्या एकानं माझ्याकडं बघितलं न्हाई, तवाच मला कळायला हवं व्हतं.

 झोयाच्या वडिलांचं नाक्यावर गॅरेज आहे, तिनं त्यांच्या उस्तादांचा नट आवळायचा पाना आणला होता. तिनं विचारलं, "तुमच्या गावाला पण कंपनी आली?" वैष्णवी क्षणभर थांबली आणि "हो" म्हणाली. मधल्या सुट्टीत ती तुझ्याकडे आली, "बाई, डबा संध्याकाळी घरी नेऊ का?" तू म्हणालीस, "नको गं, आठवडाभर मांडून ठेवू. रात्री कपाटात कुलपात राहील." तिचा चेहरा उतरला. तुला वाटलं, तिचा जीव आहे त्या डब्यात.

दुसऱ्या दिवशी शाळा भरता भरताच कौसाबाई आल्या. नऊवारी खोचलेली, चालून चालून धाप लागलेली. मागे वैष्णवीची आई, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. कौसाबाई व्हरांड्यातूनच बोलायला लागल्या, "माज्या सासूचा डबा कुटंय? ही पोरगी माज्या घरात येऊन बसायची, म्या तिला घरचीवानी मानली. आन तिनं उचलून न्यावं? न्हाई बाई, आता आमी खोली देनार न्हाई. म्हैना भरला की रिकामी करा."

वैष्णवीची आई हात जोडून म्हणत होती, "लेकरू हाय आजी. हे रात्रपाळीला जायलेत, ओव्हरटाइम करायलेत, आम्ही कुठं खोली शोधावं?"

तू त्या दोघींना रिकाम्या खोलीत बसवलंस आणि मला हाताला धरून सोबत नेलंस. कपाटातून डबा आणून कौसाबाईंच्या मांडीवर ठेवलास. त्यांनी तो उघडला, सगळी घरं तपासली, पदरानं पुसला. थोड्या शांत झाल्यावर तू एवढंच विचारलंस, "आजी, हा कुठला हो डबा?"

आणि कौसाबाईंनी गोष्ट सांगितली. बांध, तापलेलं ऊन, मोजणीचे साहेब, सासूनं करून दिलेलं पान. अगदी तीच. त्या नजर न देणाऱ्या साहेबापर्यंत सगळी. आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. वैष्णवीनं डबा नेला तो नेलाच. आतली गोष्टही एक शब्द न सांडता उचलली होती.

"ही गोष्ट तुम्ही वैष्णवीला सांगितली होती?" तू विचारलंस.

"व्हय. रोज यायची. ह्येच इचारायची, आजी, परत सांगा." कौसाबाई बोलता बोलता थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमच्या घरात कुनी इचारलं न्हाई कदी. नातू म्हनत्यात, त्यो डबा इकून टाक."

त्यानंतर खोलीचा विषय त्यांनी काढला नाही. तूही काढला नाहीस. फक्त म्हणालीस, "आजी, उद्या वर्गात याल? डबा घेऊन?" त्या हो म्हणाल्या.

आणि संध्याकाळी स्कूटरवर आपलं भांडण सुरू झालं. मी म्हटलं, कौसाबाई येतील, डबा दाखवतील, मुलं काय समजायचं ते समजतील. पोरीचं नाव यात आणू नकोस. तू म्हणालीस, "नाही. वैष्णवीनं स्वतः सांगायचं."

"नऊ वर्षांची आहे ती. चाळीस पोरांसमोर मी खोटं बोलले म्हणून सांगेल? वर्ष कसं काढेल ती त्या वर्गात?"

"आणि जी गोष्ट वर्गानं ऐकली ती? ती वैष्णवीच्या घरची म्हणूनच राहणार त्यांच्या डोक्यात."

"राहू दे. पानाच्या एका डब्यानं इतिहास बिघडत नाही, उज्ज्वला."

तू स्कूटर बाजूला घेतलीस. रसवंतीच्या गाड्यापाशी थांबून, हेल्मेट काढून माझ्याकडे वळलीस. "त्या म्हातारीकडं जमीन राहिली नाही, जुनं घर राहिलं नाही. ही एक गोष्ट राहिली. ती पण दुसऱ्याच्या नावावर गेली आणि ते मला माहीत असताना मी गप्प बसले, तर मी वर्षभर मुलांना काय शिकवते?"

 मला पटलं नव्हतं. अजून पटलेलं नाही. म्हातारीच्या गोष्टीवर तिचं नाव लागावं, हे मान्य. त्याची किंमत एका लहान मुलीनं द्यावी का, एवढंच माझं म्हणणं होतं. तू मग वैष्णवीच्या खोलीवर गेलीस, तिच्याशी एकटीशी बोललीस. काय बोललीस ते मला सांगितलं नाहीस. "जबरदस्ती केली नाही," एवढंच म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई खुर्चीवर बसल्या, डबा मांडीवर. वैष्णवी पुढे आली.  मी दारात उभी होते. मला वाटत होतं की पुढे होऊन तिला जवळ घ्यावं. मग ती जमिनीकडे बघत म्हणाली, "हा डबा माझ्या आजीचा नाही. कौसाआजींचा आहे. गोष्टपण त्यांचीच आहे. मी न विचारता आणला." आणि जागेवर जाऊन गुडघ्यांत डोकं घालून बसली.

वर्गात चुळबुळ झाली. कौसाबाईंनी मुलांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पर गोष्ट तिनं बराबर सांगितली का न्हाई? माज्यापरीस बराबर." मग त्यांनी डबा उघडला आणि मुलं त्यांच्याभोवती गोळा झाली. डब्याचं अडकित्त्याचं घर रिकामं का, चुना कोरडा कसा व्हायचा नाही, सासू दिसायला कशी होती, प्रश्न संपेनात.

वैष्णवीची आई दाराशी माझ्याजवळ उभी होती. जाताना कौसाबाईंना नमस्कार करायला ती वाकली तेव्हा तिच्या मनगटावरचं हिरवं गोंदण तुझ्या नजरेला पडलं. तू विचारलंस, "हे कधीचं?"

"हे व्हय? लहान होते तवाचं. जत्रेत आईनं गोंदून घेतलं. लई रडले होते. आई म्हन्ली, सगळं हरवतंय, हे हरवत नाही." ती लाजून हात पदराखाली घ्यायला लागली. "हे काय जुनं नाही बाई."

"या वर्गातल्या प्रत्येक मुलापेक्षा जुनं आहे," तू म्हणालीस आणि तिला आत घेऊन गेलीस. एक परात पालथी घालून त्यावर तिनं हात ठेवला, मुलांनी रांगेनं येऊन बघितलं, वहीत ती नक्षी काढून घेतली. सुई होती की मशीन, रंग कसला, आता का गोंदत नाहीत, असं विचारत राहिली. रांगेत सगळ्यांत शेवटी वैष्णवी आली. आईच्या हाताकडे तिनं पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं.

हे एवढं चांगलं होऊनही मी हट्ट सोडला नाही. मला वाटायचं, शेवट गोड झाला म्हणून मधलं बरोबर ठरत नाही. तुला वाटायचं, मी मुलांना फार नाजूक समजते. त्यानंतर दरवर्षी कौसाबाई डबा घेऊन तुझ्या वर्गात यायच्या, आणि त्या संध्याकाळी घरी जाताना आपण तोच वाद पुन्हा घालायचो. तुझं आजारपण वाढलं, स्कूटर बंद झाली, मी शाळा सुटल्यावर तुझ्याकडे यायला लागले. एकदा तू उशीला टेकून बसली होतीस. मला विचारलंस, "वैष्णवीबद्दल अजून तुझं तेच मत आहे?"

मी म्हटलं, "तेच आहे."

"मग बरं झालं," तू म्हणालीस. "मला भीती होती, मी आजारी आहे म्हणून तू हो म्हणशील."

दिवसकार्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेले होते, भाऊजींना थोडी मदत करायला. दुपारी बेल वाजली. दारात वैष्णवी आणि तिची आई. पोरगी दहावीत आहे आता, माझ्याहून उंच. तिची आई आत भाऊजींशी बोलत बसली आणि वैष्णवी माझ्याबरोबर गॅलरीत आली. इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवलं नाही. मी तिला विचारलं, "तुला त्या दिवशी वर्गात उभं केलं, त्याचं तुला काय वाटलं होतं? खरं सांग."

ती खालच्या पार्किंगकडे बघत राहिली.

"लाज वाटली होती. खूप," ती म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मी बाईंशी धड बोलले नाही. पण मला वर्गात कुणी चिडवलं नाही. म्हणजे, एकानं चिडवलं, तर झोया म्हणाली, तिनं स्वतःच सांगितलंय ना, तू काय नवीन सांगतो? मी सांगितलं नसतं तर मला रोज वाटलं असतं, कुणीतरी सांगेल."

मी मनात म्हटलं, जिंकलीस बाई.

पण तिचं संपलं नव्हतं. "फक्त एक गोष्ट मला आवडली नव्हती," ती म्हणाली. "बाई माझ्याजवळ थांबल्या नाहीत. घरी आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या होत्या, मी तुझ्या शेजारी उभी राहीन. आणि मी बोलायला लागले तर त्या पार मागे खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठ फिरवून. मला वाटलं, त्यांना माझ्याकडे बघायचंसुद्धा नाही."

उज्ज्वला, मी दारात होते. तू खिडकीशी गेलीस ते मी पाहिलं होतं आणि का गेलीस तेही. तुझा चेहरा तिला दिसत नव्हता, मला दिसत होता. त्यानंतर तू तोंड धुवायला नळावर गेलीस आणि मला दम दिलास, की हे कुणाला बोलायचं नाही, मुलांना वाटेल बाईंनाच हे चुकीचं वाटतंय. इतकी वर्षं मी ते पाळलं. आपल्या वादात मी ते हत्यार म्हणूनही कधी काढलं नाही, आणि काढलं असतं तर कदाचित मीच जिंकले असते.

पण त्या मुलीनं तुझी पाठ तेवढी बघितली आणि ती बरोबर घेऊन मोठी झाली. तिच्याकडे एवढाच पुरावा होता. उरलेला माझ्याकडे होता, आणि तू आता नाहीस.

मी तिला सांगितलं. म्हटलं, "ती रडत होती गं. तू तोंड उघडलंस आणि तिला आवरेना. तुझ्यासमोर रडली असती तर तू बोलायची थांबली असतीस, म्हणून मागे गेली."

वैष्णवी गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवून उभी राहिली. मग आत गेली, आणि तुझ्या फोटोसमोर, आईच्या शेजारी न बसता, एकटी थोडा वेळ बसून आली.

हे तू तिला सांगायला हवं होतंस. सांगितलं नाहीस. मी तुला न विचारता सांगून टाकलं. रागावली असलीस तर रागाव.